सोनखताचा सत्याग्रही : अप्पासाहेब पटवर्धन

धानाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना खताची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. भंडारा जिल्ह्यात रोवणी आटोपली की युरियाच्या पोत्यासाठी कृषी केंद्रापुढे गर्दी होते. त्याच दिवसांत नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये, तिथून आंभोऱ्याजवळ वैनगंगेत आणि पुढे गोसेखुर्दच्या जलाशयात येत असते. त्या पाण्यात नत्र आहे, स्फुरद आहे, म्हणजे पोत्यातून आपण विकत घेतो तेच. फरक इतकाच की ते बांधीत पडायच्या ऐवजी नदीत पडते. मग तिथे जलपर्णी माजते, पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि काठावरच्या गावांत पिण्याच्या पाण्याची चिंता सुरू होते.

ही उलटी वाट सरळ कशी करायची, या एका प्रश्नावर कोकणातल्या एका माणसाने निम्मे आयुष्य घालवले. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजेच अप्पासाहेब पटवर्धन. कोकणचे गांधी म्हणून ते ओळखले जात.

त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९४ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. घर ब्राह्मणाचे, शिक्षण तत्त्वज्ञानाचे. पुण्यात प्राध्यापकी मिळालेली होती. असहकाराच्या चळवळीत ती सोडून ते गांधीजींकडे गेले. गांधीजींची आत्मकथा मराठीत आणली ती त्यांनीच. १९३० मध्ये शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, त्यातही ते पुढे होते. इथवरची कहाणी त्या काळच्या इतर अनेक कार्यकर्त्यांसारखीच वाटेल. वेगळे वळण लागले ते तुरुंगात.

१९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगातली कामे तेव्हा जात पाहून वाटली जात आणि मैला उचलण्याचे काम ठराविक जातींच्या कैद्यांवरच पडे. अप्पासाहेबांनी ते काम स्वतःसाठी मागितले. ते ब्राह्मण, म्हणून अधिकाऱ्यांनी नकार दिला. तेव्हा त्यांनी उपवासाचा मार्ग धरला. गांधीजी त्या वेळी येरवड्याच्या तुरुंगात होते. त्यांना हे कळताच डिसेंबर १९३२ मध्ये त्यांनीही पाठिंब्याचा उपवास सुरू केला. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर तो सुटला. संडास साफ करायला मिळावा म्हणून दोन तुरुंगांत दोन माणसे उपाशी राहिली, अशी ही घटना आहे.

हे काम हातात घेतल्यावर अप्पासाहेबांना दोन गोष्टी दिसल्या. ज्याला सगळे घाण म्हणतात, ती शेताची भूक आहे, ही पहिली. मराठीत मैल्याच्या खताला सोनखत हा शब्द जुनाच आहे. दुसरी गोष्ट अशी की, हे सोने डोक्यावरून वाहणाऱ्या माणसाच्या वाट्याला फक्त रोगराई आणि अपमान येतो. एका उच्चवर्णीयाने टोपली उचलून हा प्रश्न सुटणार नव्हता. टोपली उचलायची गरजच पडू नये, अशी सोय करायला हवी होती.

१९४८ मध्ये त्यांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम सुरू केला आणि तीच त्यांची प्रयोगशाळा झाली. तिथे त्यांनी कमी खर्चाच्या संडासाचे निरनिराळे प्रकार करून पाहिले. सोपा संडास आणि गोपुरी संडास ही नावे त्यातूनच आली. तत्त्व साधे होते. मैला उघडा ठेवायचा नाही, त्यावर माशी बसू द्यायची नाही. तो माती, राख, पालापाचोळा यांच्यासोबत कुजू द्यायचा. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा आणि पहिल्याला पुरेसा वेळ द्यायचा. मग उपसताना हाती येते ते मातीसारखे, वास नसलेले खत.

या वेळ देण्यातच सगळे आरोग्यशास्त्र आहे. ताज्या मैल्यात पटकी, विषमज्वर, हगवण यांचे जंतू असू शकतात. त्यातले बरेचसे काही आठवड्यांत मरतात. पण जंताची अंडी चिवट असतात. ओलसर मातीत ती कित्येक महिने, कधी त्याहूनही जास्त टिकतात. म्हणून दोन खड्ड्यांच्या संडासात भरलेला खड्डा आजही दीड-दोन वर्षे बंद ठेवायला सांगतात. ताजे सोनखत थेट भाजीच्या वाफ्यात टाकणे म्हणजे शेजाऱ्याच्या पोटातले जंत आपल्या ताटात आणणे.

कुजण्याला मिश्रणही नीट लागते. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने यशवंत वाड यांच्यासोबत इंदूरला केलेल्या कामावर १९३१ मध्ये पुस्तक काढले, तेही शेतीतल्या टाकाऊ मालावरच. काडीकचऱ्यात कर्ब भरपूर आणि नत्र कमी. शेण-मूत्रात नत्र जास्त. दोन्ही योग्य प्रमाणात मिसळले, ओल आणि हवा राखली, तर जिवाणू जोमाने वाढतात, ढीग आतून तापतो आणि त्या उष्णतेत रोगजंतू मरतात. आपल्याकडचे धानाचे तणीस नुसते रचून ठेवले तर लवकर कुजत नाही, त्याचे कारणही हेच. शेण आणि गोमूत्र मिळाले की तेच तणीस काही महिन्यांत खत होते.

लघवीवर अप्पासाहेबांचा विशेष भर होता. त्यामागचा हिशेब आजही पटण्यासारखा आहे. एका माणसाच्या शरीरातून आहारानुसार वर्षाला साधारण ३ ते ४ किलो नत्र बाहेर पडते आणि त्यातले बहुतांश लघवीवाटे जाते. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे पाच जणांचे कुटुंब वर्षभरात ४५ किलोच्या जवळपास एका युरियाच्या पोत्याइतके नत्र नालीत सोडून देते.

गोपुरीत गोबरगॅसचेही प्रयोग झाले. मैल्यापासून जळणारा वायू मिळतो, हे मुंबईत आधीच सिद्ध झाले होते. माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात १८९७ मध्येच तसे संयंत्र होते. हवा नसलेल्या टाकीत जिवाणू मिथेन तयार करतात. तो चुलीला मिळतो आणि मागे उरलेल्या रबडीत नत्र कायम राहते. शेणाच्या गोवऱ्या जाळल्या तर मात्र ते नत्र धुरासोबत जाते.

मेलेल्या जनावरांबाबतही त्यांची दृष्टी हीच होती. कातडे, हाडे, चरबी, काहीच फुकट घालवायचे नाही. हाडांच्या चुऱ्यात स्फुरद आणि चुना असतो. मेलेले ढोर सोलण्याचे काम ज्यांच्यावर जातीने लादले गेले होते, त्यांच्यासोबत अप्पासाहेबांनी स्वतः ते केले. स्वजातीत आणि गावात त्याची किंमत काय मोजावी लागते, हे त्या काळातल्या माणसाला सांगायला नको.

१० मार्च १९७१ रोजी ते गेले. त्यांचे काम मात्र कोकणात अडकून राहिले नाही. पुण्याजवळच्या देहूत वैद्यकीय अधिकारी असलेल्या डॉ. सुहास मापुसकर यांनी त्यांच्याकडून संडासाची विद्या घेतली, गाव हागणदारीमुक्त करायला आयुष्य दिले आणि मैल्यावर चालणारी गॅस संयंत्रे उभारली. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

हाताने मैला उचलायला लावणे हा १९९३ आणि २०१३ च्या कायद्यांनी गुन्हा आहे. तरीही सेप्टिक टँकमध्ये उतरलेला सफाई कामगार विषारी वायूने गुदमरल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. गावोगाव संडास झाले, पण पुष्कळ ठिकाणी टाकी भरल्यावर कोण उपसणार आणि तो गाळ कुठे जाणार, हे बांधताना कोणी विचारले नाही.

घरी नवा संडास बांधणार असाल, तर गवंड्याला दोन खड्डे करायला सांगा. ते विहिरीपासून दूर असू द्या आणि पावसाळ्यात पाण्याची पातळी वर येते तिथे तळ फार खोल नेऊ नका. दोन्ही खड्डे एकाच वेळी सुरू ठेवू नका. पहिला भरला की त्याची वाट बंद करून तारीख भिंतीवर लिहून ठेवा आणि दोन वर्षांनी उघडा. तेव्हा आत जे असेल ते काढायला कोणालाही बोलवावे लागणार नाही. घरचाच माणूस फावड्याने काढून बांधीत टाकू शकेल.