दशलक्षांश इंच मोजणारा व्हिटवर्थ

मँचेस्टरमधल्या आपल्या मंडळींना व्हिटवर्थ म्हटलं की आर्ट गॅलरी, नाहीतर बाग आठवते. पण गावाकडे आयटीआय केलेल्या एखाद्या काकांना विचारा, ते चटकन ‘बीएसडब्ल्यूचे आटे’ म्हणतील. त्यातला डब्ल्यू म्हणजेच सर जोसेफ व्हिटवर्थ.

जन्म 1803 चा, स्टॉकपोर्टचा. आई लवकर गेली. 14 व्या वर्षी काकांच्या कापडगिरणीत रवानगी झाली. पुढेमागे गिरणीत भागीदारी मिळाली असती, पण पोराचं मन यंत्रांत. कुणाला न विचारता निघाला तो थेट मँचेस्टरला, साधा कामगार म्हणून. 1825 ला लंडनला हेन्री मॉडस्लेंकडे, नंतर जोसेफ क्लेमंटकडे. बॅबेजच्या गणनयंत्राचं काम या क्लेमंटकडेच चाललं होतं. मी कॉम्प्युटरवाला, त्यामुळे हे वाचून मला उगीचच नातं जोडल्यासारखं वाटलं!

1833 मध्ये त्यांनी मँचेस्टरला स्वतःचा कारखाना काढला. त्यांचा पहिला हट्ट सपाटीचा. दोन पाट्या एकमेकींवर नीट बसल्या तरी एक खोलगट आणि दुसरी फुगीर असू शकते. म्हणून तीन पाट्या घ्यायच्या, गेरू आणि तेल लावून आळीपाळीने टेकवायच्या, जिथे रंग लागेल तो उंचवटा हाताने खरवडायचा. तिन्ही एकमेकींवर बसल्या तरच त्या खऱ्या सपाट. एमरीने घासायला त्यांचा विरोध होता, कारण पूड कुठे किती घासते यावर ताबा राहत नाही. 1840 ला ग्लासगोत त्यांनी हे मांडलं.

दुसरा हट्ट मापाचा. डोळ्यापेक्षा स्पर्शावर त्यांचा भरवसा. त्यांच्या यंत्रात इंचाला 20 आट्यांचा स्क्रू, त्यावर 200 दात्यांचं चाक, आणि फिरवायच्या चाकावर 250 खुणा. गुणाकार करा, बरोबर दहा लाख! वस्तू आणि यंत्राच्या टोकामध्ये एक पातळ पोलादी तुकडा अडकवायचा. चाक एक खूण मागे घेतलं की तो खाली पडतो. 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात हे यंत्र लोकांनी पाहिलं.

कारखान्यात मात्र रोजचं काम साध्या गेजवर. शाफ्टसाठी कडी, भोकासाठी दट्ट्या. शाफ्ट कुठे अंडाकृती होऊन मापाबाहेर गेला असेल तर कडीत अडकतो. इंचाच्या दहा हजाराव्या भागाचा फरकही हाताला कळतो, हे ते दाखवून द्यायचे.

1841 मध्ये त्यांनी ठिकठिकाणच्या कारखान्यांतले स्क्रू जमवून, सरासरी काढून आट्यांचं एकच माप सुचवलं, कोन 55 अंश. क्रिमियन युद्धात आरमाराला घाईने गनबोटी हव्या होत्या. जॉन पेन यांनी 90 इंजिनांचे भाग निरनिराळ्या कारखान्यांत वाटून दिले आणि ते जुळले. एकच माप नसतं तर हे जमतंच ना.

पुढे ते बंदुकांकडे वळले. षटकोनी नळीची त्यांची रायफल चाचणीत सरकारी एन्फिल्डपेक्षा सरस ठरली. 1860 ला विम्बल्डनला राणी व्हिक्टोरियाने तिचा बार काढला, तरी लष्कराने ती घेतली नाहीच. ती गाजली अमेरिकेच्या यादवीत, गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या नेमबाजांच्या हाती. एवढी अचूकता तिथे खर्ची पडली, हे मला खटकतं.

मूलबाळ नव्हतं. 1868 मध्ये त्यांनी तरुण इंजिनिअरांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या, त्या आजही मिळतात. 1887 च्या जानेवारीत माँटे कार्लोला ते वारले. डर्बीशायरमधल्या डार्ली डेलला त्यांना पुरलं आहे.