जॉर्ज बॅलन्शिन आणि एका आजाराचं नाव

वाङ्मय मंडळाच्या या अंकासाठी प्रत्येकानं एक चरित्र लिहायचं ठरलं, तेव्हा बहुतेकांनी लेखक, संत, समाजसुधारक निवडले. मी निवडलेला माणूस रशियात जन्मला, अमेरिकेत वारला आणि आयुष्यभर बॅले नृत्य बसवत राहिला. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. त्याच्यापर्यंत मी पोचलो तो एका आजारामुळे, म्हणून आधी त्याबद्दल थोडं सांगावं लागेल.

माझी आत्या चालताना भिंतीला हात टेकायला लागली होती. आम्हाला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मग तिला साधे साधे शब्द सापडेनात. चहात साखर घातली की नाही, हे आठवेना. तिसऱ्या महिन्यात ती अंथरुणाला खिळली. सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी एक लांबलचक जर्मन नाव सांगितलं : क्रॉइट्झफेल्ट-याकोब आजार, म्हणजेच सीजेडी. त्या रात्री घरातल्या प्रत्येकानं आपापल्या मोबाईलवर ते नाव शोधलं. कुणाला ‘वेड्या गाई’ दिसल्या, कुणाला ‘उपाय नाही’ हे शब्द. दुसऱ्या दिवसापासून घरी येणारी माणसं कमी होत गेली. डबा आणणाऱ्या काकू तो दारातच ठेवून जायला लागल्या. आणि मी? मी आत्याचा पेला वेगळा ठेवायला लागलो. मला तसं कुणीच सांगितलं नव्हतं.

याच शोधाशोधीत, या आजारानं गेलेल्या माणसांमध्ये जॉर्ज बॅलन्शिन हे नाव दिसलं. नृत्य करवून घेणारा माणूस, म्हणजे ज्याचं सगळं आयुष्य तोलावर उभं. त्याचाच तोल गेला. मग मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो.

त्यांचं मूळ नाव गिओर्गी बालांचिवाद्झे. जन्म २२ जानेवारी १९०४, सेंट पीटर्सबर्ग. वडील मेलितोन हे जॉर्जिया प्रांतातले संगीतकार. गिओर्गीला नाचायचं नव्हतं. १९१३ साली बहिणीला झारच्या नाट्यशाळेच्या प्रवेश परीक्षेला नेलं, तेव्हा बरोबर गेलेल्या या नऊ वर्षांच्या मुलालाही परीक्षेला बसवलं गेलं, आणि निवड झाली ती त्याची. सुरुवातीला तो तिथून पळूनही गेला होता. पुढे एका प्रयोगात लहानशी भूमिका करताना रंगमंचाची झगमग त्यानं आतून पाहिली आणि मग त्याचं मन तिथे रमलं.

१९१७च्या क्रांतीनंतर शाळा काही काळ बंद पडली. थंडी आणि उपासमारीचे दिवस होते. पोटासाठी त्यानं मूकपटांच्या थिएटरात पियानो वाजवला. हे पियानो वाजवणं पुढे फार कामाला आलं. बॅलन्शिन संगीताची लिपी वाचून, त्यातला प्रत्येक सूर समजून नृत्य बसवत. त्यांच्या नाचात गोष्ट कमी आणि संगीत जास्त असतं, असं म्हणतात ते यामुळेच.

१९२४ साली चार-पाच नर्तकांच्या एका छोट्या गटाबरोबर ते जर्मनीच्या दौऱ्यावर गेले आणि परतलेच नाहीत. सर्गेई दिआगिलेव्ह यांनी त्यांना आपल्या प्रसिद्ध ‘बॅले रूस’ मंडळीत घेतलं आणि युरोपीय जिभेला वळेल असं बॅलन्शिन हे नाव दिलं. तिथे १९२८ साली स्त्राविन्स्की यांच्या संगीतावर ‘अपोलो’ आणि १९२९ साली ‘उधळ्या पुत्र’ या रचना झाल्या. दुसरीची गोष्ट आपल्या कॉलेजात सांगायला नको. लूकच्या शुभवर्तमानातली ती कथा चॅपलमध्ये सगळ्यांनी ऐकलेली आहे.

पण आजारपण या माणसाच्या मागे लागलेलंच होतं. गुडघा दुखावल्यानं स्वतः नाचणं कमी झालं. दिआगिलेव्ह १९२९ साली वारले, मंडळी मोडली, आणि पुढच्या काही वर्षांत बॅलन्शिन यांना क्षय झाला. आल्प्सच्या सॅनिटोरियममध्ये काही महिने काढावे लागले. एक फुप्फुस कायमचं अधू झालं. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं.

१९३३ साली लिंकन कर्स्टीन नावाच्या एका तरुण अमेरिकनानं त्यांना न्यूयॉर्कला बोलावलं. बॅलन्शिन यांनी आधी शाळा हवी असं ठरवलं आणि जानेवारी १९३४मध्ये ती सुरू झाली. तिथल्या विद्यार्थिनींसाठी त्यांनी चायकोव्हस्कीच्या संगीतावर ‘सेरेनेड’ बसवलं. पहिल्या तालमीला सतरा मुली होत्या, म्हणून सुरुवातीला सतराजणी उभ्या. एकदा एक मुलगी उशिरा आली, एकदा एक पडली. बॅलन्शिन यांनी उशिरा येणं आणि पडणं दोन्ही नाचात घेतलं. आजही तो बॅले होतो, तेव्हा ती मुलगी पडते. पडणं म्हणजे नाच बिघडला असं त्यांनी मानलं नाही, हे मला फार आवडलं.

काम त्यांनी कुठलंच हलकं मानलं नाही. ब्रॉडवेची नाटकं केली, हॉलिवूडचे चित्रपट केले. १९४२ साली तर सर्कशीतल्या ५० हत्तींसाठी नृत्य बसवलं, तेही खास त्यासाठी स्त्राविन्स्की यांच्याकडून संगीत लिहून घेऊन. १९४८ साली ‘न्यूयॉर्क सिटी बॅले’ ही संस्था उभी राहिली. १९५४ सालचं ‘नटक्रॅकर’ आजही दर नाताळात होतं. एकूण चारशेहून जास्त रचना त्यांच्या नावावर आहेत.

त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मात्र वाचताना मी थांबलो. १९४०च्या दशकात पोलिओच्या मदतनिधीसाठी त्यांनी एक छोटा नाच बसवला होता. त्यात ते स्वतः ‘पोलिओ’ झाले होते आणि त्यांच्या स्पर्शानं एक किशोरवयीन मुलगी लुळी होऊन पडते असं दाखवलं होतं. ती मुलगी म्हणजे तानाकिल ल क्लेर. १९५२ साली त्यांचं तिच्याशी लग्न झालं. १९५६ साली मंडळी युरोपच्या दौऱ्यावर असताना कोपनहेगनमध्ये तानाकिलला खरोखरच पोलिओ झाला. २७ वर्षांची, ऐन बहरातली नर्तिका कमरेखाली कायमची अधू झाली. तो जुना नाच हा अपशकुन होता, ही टोचणी बॅलन्शिन यांच्या मनाला लागून राहिली, असं त्यांच्याबद्दल लिहिणारे सांगतात. त्यांनी जवळजवळ वर्षभर काम बाजूला ठेवून तिची शुश्रूषा केली. पुढे १९६९ साली त्यांचा घटस्फोट झाला, म्हणजे ही काही आदर्श नवऱ्याची गोष्ट नाही. पण पोलिओ हा खरोखर संसर्गजन्य आजार होता आणि त्या काळी लोक त्याला अतिशय घाबरत. तरी तिच्या वाईट दिवसांत ते तिच्या उशाशी होते.

आता त्यांच्या शेवटच्या आजाराकडे येतो. १९७८च्या सुमारास गिरकी दाखवताना त्यांचा तोल जायला लागला. त्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता, १९८० साली बायपास झाली. डोळ्यांचा त्रास होता. त्यामुळे तोल जाण्याचा दोष कशाकशावर टाकला गेला. तरी काम चालू होतं. १९८१च्या चायकोव्हस्की महोत्सवात शेवटी एक मूल हातातली मेणबत्ती फुंकून विझवतं आणि अंधार होतो, असा प्रसंग त्यांनी बसवला. १९८२च्या जूनमध्ये स्त्राविन्स्की जन्मशताब्दीचा महोत्सवही झाला. मात्र तोवर उभं राहणं, ऐकणं, आठवणं सगळंच अवघड झालं होतं. नोव्हेंबरमध्ये ते इस्पितळात दाखल झाले ते परत घरी आले नाहीत.

डॉक्टरांना निदान होत नव्हतं. सीजेडीचे बहुतेक रुग्ण लक्षणं दिसल्यापासून वर्षाच्या आतच जातात. बॅलन्शिन यांचा आजार मात्र पाचेक वर्षं रेंगाळला, त्यामुळे तशी शंका येणंही कठीण होतं.

योगायोग असा की त्याच वर्षी, १९८२ साली, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये स्टॅन्ली प्रुसिनर या डॉक्टरांनी ‘प्रायॉन’ हा शब्द जगापुढे ठेवला. दहा वर्षांपूर्वी त्यांची एक रुग्ण सीजेडीनं गेली होती आणि तेव्हापासून ते या आजाराच्या मागे होते. त्यांचं म्हणणं असं, की हा आजार जंतूनं किंवा विषाणूनं होत नाही, तो प्रथिनामुळे होतो. आपल्या मेंदूत एक साधं प्रथिन असतं. ते चुकीच्या घडीत दुमडलं की शेजारच्या प्रथिनालाही आपल्यासारखंच दुमडायला लावतं, ते पुढच्याला. अशी साखळी वाढत जाते आणि मेंदूला स्पंजासारखी भोकं पडतात. ताप येत नाही, शरीर लढतही नाही, कारण प्रथिन आपलंच असतं. सुरुवातीला अनेक शास्त्रज्ञांनी ही कल्पना उडवून लावली. १९९७ साली प्रुसिनर यांना नोबेल मिळालं.

भीती वाटावी असं यात बरंच आहे, ते मी नाकारत नाही. उकळून किंवा फॉर्मॅलिननं हे प्रथिन नष्ट होत नाही. पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांमध्ये मृत आप्तांचं मांस खाण्याच्या अंत्यविधीतून ‘कुरू’ पसरला. सीजेडीच्या रुग्णाच्या डोळ्यातला कॉर्निया दुसऱ्याला बसवल्यानं, मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या उपकरणांतून, मृतांच्या ग्रंथींपासून काढलेल्या वाढीच्या हार्मोनमधून लागण झाल्याच्या नोंदी आहेत. ब्रिटनमध्ये १९९६ साली वेड्या गाईंच्या रोगाचा माणसांतल्या एका वेगळ्या प्रकाराशी संबंध जोडला गेला. पण नेहमीचा सीजेडी वर्षाला दहा लाखांत एक-दोघांना होतो, आणि त्यातल्या सुमारे ८५ टक्के लोकांना तो कुठूनही न लागता, आपोआप होतो. त्यात कुणाचीच चूक नसते. आणि मुख्य गोष्ट : हात हातात घेतल्यानं, शेजारी बसल्यानं, एका ताटात जेवल्यानं, त्याच पेल्यातून पाणी प्यायल्यानं तो होत नाही.

इस्पितळातल्या त्या सहा महिन्यांत बॅलन्शिन यांची खोली माणसांनी भरलेली असायची. नर्तिका तालमी आटपून यायच्या, मित्र खाणंपिणं घेऊन यायचे. स्वतः त्यांना लोकांना खाऊ घालायची फार हौस होती. रशियन पद्धतीच्या ईस्टरच्या जेवणाची तयारी ते कित्येक दिवस आधीपासून स्वतः करायचे. आता लोक त्यांना भरवत होते. बोलणं पुढे पुढे रशियन आणि इंग्रजीच्या मधेच कुठेतरी हरवायचं. तरी माणसं येत राहिली, हात धरून बसत राहिली.

३० एप्रिल १९८३ रोजी पहाटे न्यूमोनियानं ते गेले. वय ७९. त्या वर्षी ऑर्थोडॉक्स चर्चचा ईस्टर ८ मे रोजी होता, म्हणजे तो दिवस झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवसाचा, लाजराला येशूनं कबरेतून उठवल्याच्या स्मरणाचा शनिवार होता. त्या दिवशीचे प्रयोग रद्द झाले नाहीत. कर्स्टीन पडद्यासमोर आले, त्यांनी प्रेक्षकांना बातमी सांगितली आणि नाच सुरू झाला. आजाराचं नाव मात्र नंतर, शवविच्छेदनात मेंदू तपासल्यावर कळलं.

मी पुन्हा पुन्हा याच गोष्टीपाशी येतो. त्यांच्या खोलीत येणाऱ्यांना नाव ठाऊक नव्हतं, म्हणून ती खोली भरलेली राहिली. आमच्या घरात नाव आधी आलं आणि खोली रिकामी झाली. आजार एकच. ज्यांना काही माहीत नव्हतं ते बरोबर वागले, आणि ज्यांना अर्धं माहीत होतं ते, म्हणजे आम्ही, चुकलो. नाव कळू नये असं मी म्हणत नाही. पण नाव कळल्यावर तिथेच न थांबता पुढचं पानही वाचायला हवं होतं, किंवा सरळ डॉक्टरांना विचारायला हवं होतं.

मी विचारलं, पण तीन आठवड्यांनी. डॉक्टरांनी दोन मिनिटांत समजावून सांगितलं. त्या संध्याकाळी आत्याचा पेला मी पुन्हा सगळ्यांच्या पेल्यांत ठेवला. नंतरचे पंधरा दिवस तिला चमच्यानं पेज मीच भरवली. ती मला ओळखत होती की नाही, हे सांगता येणार नाही. ती गेली तेव्हा मी तिच्याजवळ होतो. पण त्याआधीचे तीन आठवडे मी दारात उभं राहून तिची चौकशी केली होती. ते तीन आठवडे मला कुठूनही परत मिळणार नाहीत.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्या ओळखीत कुणाच्या घरी असं काही अवघड नाव आलं, तर आधी डॉक्टरांना नीट विचारा. आणि मग उंबऱ्यात थांबू नका, आत जाऊन बसा.