टॉमस कुक : गरिबांच्या प्रवासाचे योजक

हिंगोली तालुक्यांतील एका मंडळीस भेट देण्यास गेलों असतां, उपासना आटोपल्यावर एका तरुण बंधूनें आपल्या मोबाइलवरील एक जाहिरात मला दाखविली. मुंबईच्या बंदरांतून गोव्याकडे जाणाऱ्या सहलीच्या जहाजावर कांहीं खोल्या रिकाम्या राहिल्या आहेत, जहाज सुटण्यास थोडेच दिवस उरले आहेत, म्हणून त्या निम्म्या दरानें देण्यांत येतील, असा तिचा मजकूर होता. ही फसवणूक तर नव्हे, असा त्याचा प्रश्न. चार माणसांचें कुटुंब. हळदीचे पैसे हातीं आल्यावर वर्षांतून एकदां कोठें तरी जावें अशी त्याची हौस. तींत गैर कांहीं नाहीं. त्याला उत्तर देतांना ज्या गृहस्थाचें नांव मीं घेतलें, तें तेथें बसलेल्यांपैकीं कोणासही ठाऊक नव्हतें. तो गृहस्थ आपल्यासारखाच खेड्यांत जन्मलेला आणि आपल्या उपदेशकांसारखा पायीं फिरणारा होता. म्हणून त्याचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहें.

टॉमस कुक ह्यांचा जन्म सन १८०८ च्या नोव्हेंबर महिन्याच्या २२ व्या तारखेस इंग्लंडांतील डर्बी परगण्यांत मेलबर्न ह्या खेड्यांत झाला. (ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहर तें हें नव्हे, त्या शहरास ज्या उमरावाचें नांव दिलें, त्याची पदवी मात्र ह्याच खेड्यावरून पडलेली.) बाप मजूर होता. टॉमस अगदीं लहान असतांनाच तो वारला व आईनें दुसरें लग्न केलें. दहाव्या वर्षीं मुलाची शाळा सुटली आणि तो एका माळ्याच्या हाताखालीं रोज एक पेनी मजुरीवर राबूं लागला. पुढें एका नातलगाकडे राहून तो सुतारकाम शिकला. सन १८२६ सालीं बॅप्टिस्ट मंडळींत त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि १८२८ सालीं गांवोगांवीं जाऊन शास्त्र वाचून दाखविणारा व शब्बाथशाळा स्थापणारा उपदेशक म्हणून त्याची नेमणूक झाली. वेतन वर्षास ३६ पौंड.

तो रोजनिशी ठेवीत असे. सन १८२९ सालीं त्यानें २६९२ मैल प्रवास केला. पैकीं २१०६ मैल पायीं. आपल्या हिशेबानें हे हजाराहून अधिक कोस होतात. ज्या उपदेशक बंधूंच्या वडिलांनीं वसमत, कळमनुरी व सेनगांव ह्या भागांतील वाटा पायीं तुडविल्या, त्यांस ह्या आंकड्याचा अर्थ सांगावा लागणार नाहीं. पुढें मंडळीजवळ पैसा उरला नाहीं आणि हें काम सुटलें. कुक पुन्हां सुतारकामाकडे वळले. सन १८३३ सालीं त्यांचें लग्न झालें व ते मार्केट हारबरो ह्या गांवीं संसार करूं लागले. दारूनें गरिबांचीं घरें कशीं बसतात हें त्यांनीं फिरतांना पाहिलें होतें. म्हणून त्यांनीं स्वतः दारू न पिण्याची शपथ घेतली आणि मद्यपाननिषेधाचीं पत्रकें छापण्याचें काम आरंभिलें.

सन १८४१ च्या जून महिन्यांत एके दिवशीं ते मद्यपाननिषेधाच्या सभेसाठीं लेस्टर शहरास पायीं चालले होते. वाट सुमारें १५ मैलांची. लेस्टरहून लफबरोकडे जाणारी आगगाडी सुरू होऊन तेव्हां एकच वर्ष झालें होतें. (आपल्या हिंगोलीस ती पूर्णा जंक्शनावरून सन १९१२ सालीं आली.) वाटेंत त्यांच्या मनांत आलें कीं, ही आगगाडी ह्या कामास कां जुंपूं नये? रेल्वे कंपनीकडे जाऊन त्यांनीं खास गाडी मागितली. उतारू जमविण्याचें काम आपल्याकडे घेतलें. जुलैच्या ५ व्या तारखेस सुमारें ५०० माणसें लेस्टरहून लफबरो येथील मेळाव्यास गेलीं व परत आलीं. डबे उघडे होते. जाण्यायेण्याचें भाडें फक्त १ शिलिंग.

हें भाडें इतकें थोडें कसें झालें, हें येथें नीट समजून घ्यावें. कुक ह्यांनीं कोणाजवळ दयेची याचना केली नव्हती. इंजिनाचा कोळसा, चालकाचें वेतन, रुळांची निगा हा खर्च ५० उतारूंस लागतो, तितकाच जवळजवळ ५०० उतारूंसही लागतो. गाडी भरलेली निघणार ही खात्री कंपनीस आधींच मिळाली, तर ती प्रत्येक माणसामागें थोडें घेऊनही नफ्यांत राहते. आमच्या जिल्ह्यांतील नरसी नामदेव येथून व इतर गांवांहून पंढरपुरास दिंड्या जातात. त्यांत प्रत्येक जण आपली भिशी भरतो, आणि स्वयंपाकाचें सामान, वाहन व मुक्काम सर्वांत मिळून होतो. एकट्यानें तीच वाट धरली तर किती खर्च येईल, हें वारकऱ्यांस विचारावें.

पुढें तीन-चार उन्हाळे कुक ह्यांनीं शब्बाथशाळांच्या मुलांकरितां व मद्यपाननिषेधक सभांकरितां अशा गाड्या काढल्या. धंदा म्हणून पहिली सहल सन १८४५ सालीं निघाली, ती लिव्हरपूल बंदरास. पहिल्या वर्गाचें भाडें १५ शिलिंग व दुसऱ्याचें १० शिलिंग. ह्या सहलीपूर्वीं ते स्वतः त्या वाटेनें जाऊन आले, उतरण्याच्या जागा डोळ्यांनीं पाहिल्या आणि उतारूंसाठीं एक लहानसें माहितीपुस्तक छापलें. तिकिटें हातोहात संपलीं. कांहीं लोकांनीं आपलीं तिकिटें दुप्पट दरानें विकल्याचें सांगतात. स्वस्त वस्तु आली कीं तिच्यामागून दलाल येतोच.

सन १८४६ सालची गोष्ट मात्र कुक ह्यांस जन्मभर पुरली असावी. त्या वर्षीं त्यांनीं सुमारें ३५० माणसांस स्कॉटलंडास नेलें. वाटेंत एका स्टेशनावर चहा मिळेल असें सांगितलें होतें. तो मिळाला नाहीं. पुढें फ्लीटवुड बंदरांतून आगबोटीनें समुद्र ओलांडावयाचा होता. बोटींत सर्वांस पुरतील इतक्या खोल्याच नव्हत्या. ज्यांनीं पैसे भरले होते अशा कित्येकांनीं ती रात्र उघड्या डेकवर, पावसांत भिजत काढली. ग्लासगो शहरांत त्यांचें स्वागत वाजंत्री लावून झालें हें खरें. पण भिजलेल्या माणसास वाजंत्रीनें ऊब येत नाहीं. त्याच वर्षीं कुक ह्यांचें दिवाळें निघालें. तथापि त्यांनीं काम सोडलें नाहीं, आणि पुढल्या वर्षांत ते पुन्हां माणसें घेऊन स्कॉटलंडास गेले. आयोना बेटावरील कोळ्यांचें दारिद्र्य पाहून त्यांनीं आपल्या प्रवाशांकडून वर्गणी जमविली व त्या कोळ्यांस होड्या घेऊन दिल्या.

सन १८५१ सालीं लंडन येथें मोठें प्रदर्शन भरलें. कारखान्यांतील मजुरास लंडनचें भाडें एकदम देणें शक्य नव्हतें. कुक ह्यांनीं गांवोगांवीं मजुरांच्या भिशा सुरू करविल्या. दर आठवड्यास थोडेथोडे पैसे टाकावयाचे आणि पुरेसे जमले कीं जावयाचें. ह्या प्रकारें दीड लाखांहून अधिक माणसें त्यांच्या व्यवस्थेनें लंडन पाहून आलीं. त्यांतील पुष्कळांनीं तोंवर आपल्या परगण्याबाहेर पाऊलही टाकलें नव्हतें.

ह्याच वर्षीं आणखी एक प्रकार घडला, तो आमच्या तरुण बंधूच्या प्रश्नास लागू पडतो. दोन रेल्वे कंपन्यांत चढाओढ लागली. जें भाडें आरंभीं १५ शिलिंग होतें, तें उतरत उतरत ५ शिलिंगांवर आलें. ज्यांनीं आधीं पैसे भरले त्यांस जास्त पडले आणि जे थांबले त्यांचें साधलें. आजच्या जहाजाचेंही असेंच आहे. जहाज धक्क्यावरून सुटलें कीं त्यांतील रिकामी खोली म्हणजे बाजार उठल्यावर उरलेली मेथीची जुडी. तिची किंमत शून्य. म्हणून मालक शेवटच्या आठवड्यांत ती मिळेल त्या दरानें देऊन टाकतो. अशी जाहिरात खोटीच असते असें नाहीं, हें मीं त्या बंधूस सांगितलें.

पण उरलेली जुडी कोणास मिळते? जो बाजाराशेजारीं राहतो त्यास. मुंबईंत ज्याचें घर आहे, ज्यास केव्हांही रजा मिळते, त्यानें थांबावें. त्याचा लाभ होईल. हिंगोलीच्या माणसास मुंबई गांठण्यासच एक दिवस किंवा एक रात्र लागते. ऐन वेळीं आगगाडींत जागा मिळाली नाहीं, तर चार माणसांचें खाजगी मोटारीचें भाडें त्या सवलतीचा घांस घेतें. शिवाय दिवाळींत व मुलांच्या सुटींत खोल्या आधींच भरतात. तेव्हां दर उतरत नाहीं, उलट चढतो. जाहिरातींतील आंकड्यांत सरकारी कर व बंदराचें शुल्क धरलें आहे काय, खोलीस खिडकी आहे कीं नाहीं, जेवण त्यांतच आहे कीं वेगळें, जाणें न झाल्यास किती पैसे परत मिळतील, हें लेखी मागावें. आणि अनोळखी माणसानें पाठविलेल्या दुव्यावर पैसे कधींही पाठवूं नयेत. जहाज कंपनीच्या स्वतःच्या कचेरींत अगर तिच्या नेमलेल्या एजंटाकडे विचारणा करावी. आपल्यासारख्यांस सोयीचा मार्ग १८५१ च्या मजुरांचा होय. पांच-सहा कुटुंबांनीं भिशी घालावी, गर्दीचा हंगाम टाळून चार-सहा महिने आधीं एकदम खोल्या मागाव्या, आणि घासाघीस करावी. पंचवीस माणसें एकत्र मागणी घेऊन आलीं कीं एजंट उठून खुर्ची देतो.

आतां चरित्राकडे वळूं. सन १८५५ नंतर कुक ह्यांच्या सहली युरोपांतील देशांत जाऊं लागल्या. सन १८६५ सालीं लंडन येथें कचेरी उघडली व थोरला पुत्र जॉन मेसन कुक धंद्यांत आला. सन १८६९ सालीं त्यांनीं पहिल्यानें मंडळी घेऊन मिसर देश व पवित्र भूमि ह्यांची यात्रा केली; नाईल नदीवर दोन आगबोटी भाड्यानें घेतल्या होत्या. ज्यास आजकाल जहाजाची सहल म्हणतात, तिचा एक उगम ह्या दोन बोटींत आहे. यरुशलेम पाहणें हें पूर्वीं धनवानांचें व साहसी लोकांचें काम होतें. तें आतां शिक्षक व पाळक ह्यांच्याही आटोक्यांत येऊं लागलें. मजुरांच्या आटोक्यांत मात्र तें कधीं आलें नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे.

सन १८७२ च्या सप्टेंबरांत, ६३ वर्षांच्या वयांत, ते लहानशी मंडळी घेऊन लिव्हरपूलहून जगप्रदक्षिणेस निघाले. अमेरिका, जपान, चीन, सिंगापूर व सिलोन करून ते हिंदुस्थानांत आले, आगगाडीनें येथील मोठीं शहरें पाहिलीं आणि पुढें मिसर देशास गेले. ही प्रदक्षिणा २२२ दिवसांत पुरी झाली. कंपनीची मुंबईची कचेरी सन १८८१ सालीं उघडली.

मुंबईंत ह्या कंपनीकडे एक अवघड काम आलें. मक्केस जाणारे मुसलमान यात्रेकरू ह्याच बंदरांतून निघत. दलाल त्यांस लुबाडीत, जहाजांत माणसें दाटीनें भरलीं जात, आणि परतीच्या भाड्यास पैसे न उरल्यामुळें कित्येक जण जेद्दा बंदरांत अडकून पडत. घरून जेद्दापर्यंत व जेद्दाहून घरापर्यंत एकच ठराविक तिकीट, ही व्यवस्था करण्याचें काम हिंदुस्थान सरकारनें सन १८८६ सालीं कुक कंपनीकडे सोंपविलें. जॉन मेसन ह्यांनीं त्यांत लक्ष घातलें. परंतु हें काम किफायतशीर ठरलें नाहीं आणि सन १८९३ सालीं तें संपुष्टांत आलें. ज्या प्रवासाच्या परतीचें तिकीट हातीं नाहीं, तो स्वस्त म्हणूं नये, एवढें त्या यात्रेकरूंच्या हालांवरून दिसतें.

त्यापूर्वींच पितापुत्रांचें बिनसलें होतें. धर्मकार्य व धंदा एकत्र करूं नये असें पुत्राचें मत. बापास तीं दोन कामें वेगळीं करतांच येईनात. सन १८७८-७९ च्या सुमारास वृद्ध कुक धंद्यांतून बाजूस झाले. ह्या वादांत चूक कोणाची, हें मला ठरवितां येत नाहीं. पुत्रानें कंपनी जगभर वाढविली हें खरें. पुढें ती अनेक हातांत गेली आणि कर्जाखालीं दबून सन २०१९ च्या सप्टेंबर महिन्यांत इंग्लंडांत एकाएकीं बंद पडली. तेव्हां तिचे लाखों प्रवासी परदेशांत होते. सुमारें दीड लाख ब्रिटिश प्रवाशांस त्यांच्या सरकारानें विमानें पाठवून घरीं आणलें. हिंदुस्थानांत त्याच नांवाची जी कंपनी आहे, ती त्यापूर्वींच निराळ्या मालकीची झाली होती. ती चालू राहिली.

कुक ह्यांचे शेवटचे दिवस दुःखाचे गेले. एकुलती एक कन्या ॲनी सन १८८० सालीं घरांतील न्हाणीघरांत, पाणी तापविण्याच्या गॅसयंत्राच्या विषारी वायूनें मरण पावली. चार वर्षांनीं पत्नी वारली. डोळेही गेले. अशा स्थितींत त्यांनीं आपल्या जन्मगांवीं, मेलबर्न येथें, गरीब बॅप्टिस्ट कुटुंबांसाठीं १४ लहान घरें बांधविलीं. सोबत धुलाईघर, पाव भाजण्याची भट्टी आणि उपासनेची खोली. हें काम सन १८९१ सालीं पुरें झालें. पुढल्याच वर्षीं, जुलैच्या १८ व्या तारखेस, लेस्टर शहरीं ८३ व्या वर्षीं त्यांस देवाज्ञा झाली. मेलबर्नचीं तीं घरें अजून उभीं आहेत.