पाण्याच्या वाटेने शहर वसवणारे मलिक अंबर

रमजानचा चंद्र दिसण्याआधीच जालना जिल्ह्यातल्या मशिदींमध्ये एक चौकशी सुरू होते. हौद भरला का? बोअरला पाणी आहे का? की टँकर सांगावा लागेल? पहाटे सहरीला पाणी, पाच वेळच्या नमाजासाठी वजूला पाणी, संध्याकाळी रोजा सोडताना खजुराबरोबर पाण्याचा घोट. दिवसभर तहान सोसणाऱ्या माणसाला पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. ही किंमत ओळखून चारशे वर्षांपूर्वी याच मुलखात एका माणसाने आधी पाण्याची वाट शोधली आणि मग तिच्या आधाराने शहर उभे केले. त्यांचे नाव मलिक अंबर.

मलिक अंबर यांना इतिहास लढवय्या म्हणून ओळखतो. गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणणारा निजामशाहीचा वजीर म्हणून त्यांची ओळख शाळेच्या पुस्तकातही होते. पण लढाया संपल्या, निजामशाही बुडाली, मोगलाईही गेली. त्यांनी बांधलेली नहर मात्र त्यानंतरही कित्येक पिढ्या लोकांचे घागरी-हंडे भरत राहिली.

विकला गेलेला मुलगा

साधारण 1548 साली आफ्रिकेतल्या हबशाण मुलखात, म्हणजे आजच्या इथिओपियात, एका गरीब घरात हा मुलगा जन्मला. त्याचे मूळ नाव चापू असल्याचे सांगितले जाते. लहान वयातच तो गुलामांच्या बाजारात पोहोचला. येमेनमधल्या मुखा बंदरात विकला गेला, तिथून बगदादला गेला. तिथल्या मीर कासिम नावाच्या मालकाने मुलाची हुशारी हेरली. त्याला लिहायला-वाचायला, हिशेब आणि कारभार शिकवला. इथेच तो मुसलमान झाला आणि त्याला अंबर हे नाव मिळाले.

बगदाद हे पाण्याच्या कामांची मोठी परंपरा असलेले शहर. खलिफा हारून रशीद यांच्या पत्नी जुबैदा यांनी मक्केला येणाऱ्या हाजींसाठी दूरवरून पाण्याची नहर आणली, तिची आठवण मुस्लिम जगात आजही काढली जाते. त्याच्याही आधी मदिनेत हजरत उस्मान यांनी पाणी विकणाऱ्या मालकाकडून रूमाची विहीर विकत घेतली आणि सगळ्यांसाठी मोफत खुली केली. माणूस गेल्यावरही ज्याचे पुण्य चालू राहते अशा दानाला इस्लाममध्ये सदका-ए-जारिया म्हणतात. पाण्याची सोय करणे हे अशा दानांमध्ये फार वरचे मानले जाते. अंबर ज्या समाजात वाढले, तिथे ही समज लहान-थोर सगळ्यांच्या अंगी मुरलेली होती.

बगदादहून ते दख्खनमध्ये आले. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्यांना विकत घेतले. चंगेजखान स्वतः हबशी होता आणि एके काळी गुलामच होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर यांना मोकळीक मिळाली. काही वर्षे विजापूरकरांच्या चाकरीत घालवून ते परत निजामशाहीत आले. त्या काळचे अहमदनगर पाण्याच्या बाबतीत शहाणे शहर होते. भोवतालच्या गावांमधून आणि डोंगरपायथ्यावरून जमिनीखालच्या खापरी नळांनी शहरात, महालांत आणि बागांत पाणी आणलेले होते. नहर कशी चालते हे अंबर यांनी तिथे वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर पाहिले.

खडकाळ जागेची निवड

1600 साली अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला. राज्य बुडाल्यातच जमा होते. तेव्हा अंबर यांनी निजामशाही घराण्यातल्या मूर्तजाला गादीवर बसवले आणि स्वतः कारभार हाती घेतला. परांडा, जुन्नर, दौलताबाद अशी राजधानी फिरत राहिली. 1610 च्या सुमारास त्यांनी खाम नदीकाठचे खडकी हे छोटे गाव निवडले. नावाप्रमाणेच जागा खडकाळ. नदी लहान, उन्हाळ्यात आटणारी. असल्या जागी राजधानी वसवणे अनेकांना वेडेपणाचे वाटले असणार.

पण अंबर यांनी जमिनीचा उतार पाहिला. गावाच्या उत्तरेला डोंगर आहेत. तिथे पडलेला पाऊस नुसता वाहून जात नाही. काळ्या खडकाच्या भेगांमधून आणि नदीपात्रातल्या वाळूतून तो जमिनीत झिरपतो आणि उताराने दक्षिणेकडे, म्हणजे खडकीकडेच सरकतो. नदी कोरडी दिसली तरी तिच्या पोटात पाणी असते. ते पोटातले पाणी वाट करून देत शहरात आणायचे, हा अंबर यांचा बेत होता.

नहर-ए-अंबरी

या बेतातून उभी राहिली नहर-ए-अंबरी. डोंगरपायथ्याशी जमिनीखाली दगडी बांधकामाचा बोगदा काढला. त्यात आजूबाजूचे झिरपलेले पाणी गोळा होई. तिथून अगदी हलक्या उताराने ते शहराकडे चाले. ठिकठिकाणी वर उघडणारी तोंडे ठेवली, म्हणजे हवा खेळती राहील आणि माणूस आत उतरून गाळ काढू शकेल. शहरात पाणी नळांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांतल्या हौदांत आणि कारंज्यांत पोहोचे. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. सगळे काम उतारावर. जुन्या नोंदी सांगतात की हे काम सुमारे पंधरा महिन्यांत आणि अडीच लाख रुपयांत झाले.

या रचनेत शहाणपण ठासून भरलेले आहे. पाणी जमिनीखालून येत असल्यामुळे मराठवाड्याच्या उन्हात त्याची वाफ होत नाही. वरची घाण त्यात मिसळत नाही. ते थंड राहते. पण सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. नहर जमिनीकडून तेवढेच पाणी घेते जेवढे जमीन स्वतः सोडते. पाऊस कमी झाला की धार बारीक होते आणि शहराला वेळेवर सावध करते. बोअरचे तसे नाही. ते खालचे साठलेले पाणी ओढत राहते आणि एके दिवशी अचानक कोरडे पडते, तोवर वरच्या माणसाला पत्ता लागत नाही. नहर म्हणजे जमिनीशी केलेला करार होता, आणि त्या कराराच्या मर्यादा शहराने मान्य केल्या होत्या.

ही विद्या मूळची इराणकडची. तिथे तिला कारेज किंवा कनात म्हणतात. दख्खनमध्ये बीदरला कारेज आहे. बुऱ्हाणपूरला 1615 साली अब्दुर्रहीम खानखाना याच्या कारकिर्दीत अशीच भूमिगत रचना झाली. हाच खानखाना रणांगणात अंबर यांचा शत्रू होता. तलवारी एकमेकांवर उगारणारे दोघे तहानलेल्या शहरासाठी एकाच वाटेने गेले.

खडकीच्या इमारतींनाही तीच शिस्त होती. दगड जवळचाच, काळा बेसाल्ट. जाड भिंती, चुन्याची जोडणी, सावली देणाऱ्या कमानी. अंबर यांच्या नावाशी जोडलेल्या मशिदींना लोक काळी मशीद म्हणू लागले ते त्या दगडामुळेच. शहरात मराठा सरदारांना जागा दिल्या आणि त्यांच्या नावांनी पुरे वसले. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही नावे त्या काळची आठवण सांगतात. नहरीचे पाणी एकट्या महालासाठी नव्हते, या पुऱ्यांसाठीही होते.

रोषणगावचा पराभव

1616 च्या सुरुवातीला या शहरावर घाला आला. त्याआधी काही हबशी आणि मराठा सरदार अंबर यांना सोडून मोगलांना मिळाले होते. त्यांत सिंदखेडचे लखुजी जाधवराव, म्हणजे जिजाऊंचे वडील, हेही होते. खानखानाचा मुलगा शाहनवाजखान मोठी फौज घेऊन निघाला. आजच्या जालना जिल्ह्यातल्या बदनापूर तालुक्यात रोषणगावजवळ लढाई झाली आणि अंबर यांचा मोठा पराभव झाला. मोगल फौज पुढे खडकीत शिरली. नवे शहर लुटले, जाळले.

जळालेले शहर सोडून अंबर दुसरीकडे गेले नाहीत. त्यांनी खडकी पुन्हा उभी केली. वाडे जळाले तरी डोंगराचा उतार आणि जमिनीखालचे पाणी कोणी लुटू शकत नव्हते. ज्या कारणासाठी जागा निवडली होती, ते कारण शाबूत होते.

शहराला धान्य पुरवणाऱ्या गावांकडेही त्यांनी असेच पाहिले. जमिनीची पाहणी केली, कस पाहून प्रतवारी लावली आणि प्रत्यक्ष येणाऱ्या पिकाच्या प्रमाणात सारा ठरवला. पीक बुडाले तर सारा कमी. जमीन जेवढे देते त्यातलाच वाटा घ्यायचा, हे नहरीचे तत्त्व शेतसाऱ्यातही दिसते. या पद्धतीचा आदर्श पुढे शिवकाळातल्या महसूल व्यवस्थेनेही घेतला.

पाण्याचा वापर त्यांनी युद्धातही केला, हे विसरता येत नाही. 1624 साली अहमदनगरजवळच्या भातवडीच्या लढाईत त्यांनी तलाव फोडून शत्रूच्या छावणीभोवती चिखल केला, असे सांगतात. तिथे शहाजीराजे त्यांच्या बाजूने लढले. पाण्याचे बळ ओळखणारा माणूस ते कुठेही वापरू शकतो. त्या विजयाची कथा इतिहासात राहिली, पण लोकांच्या रोजच्या कामी आली ती नहर.

मे 1626 मध्ये, शाबान महिन्यात, रमजान तोंडावर आलेला असताना मलिक अंबर यांचे निधन झाले. वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. खुलताबादला त्यांची कबर आहे. ज्या जहांगीर बादशहाने हयातभर त्यांचा द्वेष केला, त्याच्याच दरबारच्या इतिहासकाराने त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या सैन्यकौशल्याची आणि कारभाराची तारीफ लिहून ठेवली. खडकीचे पुढे फतेहनगर झाले, मग औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. नावे बदलली, नहर वाहत राहिली. अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ पाणचक्की फिरू लागली, ती वेगळ्या आणि नंतरच्या नहरीवर. पण वाट दाखवली होती ती अंबर यांनी.

जालन्यासाठी शिकवण

जालन्यातही ही विद्या होती. जमशेदखानाने मोती तलाव बांधला आणि तिथले पाणी जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांपर्यंत, सराईपर्यंत आणले. निजाम राजवटीतला घाणेवाडीचा तलावही उताराच्या बळावरच शहराला पाणी देत आला. त्या शहाणपणाकडे पाठ फिरवल्यावर काय होते, ते 2012-13 च्या दुष्काळाने दाखवले. सोन्याचा पाळणा म्हणून मिरवणारे जालना टँकरच्या रांगेत उभे राहिले. नंतर दूर जायकवाडीहून पंपाने पाणी आणावे लागले. त्याच काळात जालन्याच्या नागरिकांनी पुढाकार घेऊन घाणेवाडीचा गाळ काढला. जालना तालुक्यातल्या कडवंचीने तर त्याआधीच पाणलोटाची कामे करून दुष्काळातही द्राक्षबागा टिकवल्या.

1969 साली अमेरिकेत इयान मॅकहार्ग यांनी निसर्गाच्या सोबतीने रचना करण्यावर ग्रंथ लिहिला. शहर आखण्याआधी तिथला उतार, माती आणि पाणी वाचा, हा त्याचा गाभा. आज वास्तुरचनेच्या महाविद्यालयांत तो शिकवला जातो. खडकीत हे वाचन साडेतीनशे वर्षे आधी झाले होते.

आज खुद्द नहरींवर घरे, रस्ते आणि पाइपलाइन चढल्या आहेत. पायथ्याशी जिथे पाणी मुरायचे, तिथे काँक्रीट ओतले जात आहे. जमिनीत पाणी उतरलेच नाही, तर जगातली कोणतीही नहर ते आणून देऊ शकत नाही.

वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी पैगंबरसाहेबांची (स.) शिकवण आहे. रमजानमध्ये एका मशिदीत शेकडो लोक दिवसातून पाच वेळा वजू करतात. हे बहुतेक साधे, जवळजवळ स्वच्छ पाणी गटारात जाते. ते शोषखड्ड्यात सोडले, आवारातल्या झाडांना दिले, पावसाळ्यात छताचे पाणी बोअरजवळ मुरवले, तर त्याला फारसा खर्च नाही. मशिदीची कमिटी, मोहल्ल्यातले तरुण आणि एखादा गवंडी एवढे पुरतात. जकात आणि सदक्याचा हिशेब होतो त्या महिन्यात पाण्याचाही हिशेब व्हावा. इफ्तारची दावत एका संध्याकाळी संपते, जमिनीत मुरवलेले पाणी मात्र पुढच्या रमजानलाही कामी येते. अनेकदा विकल्या गेलेल्या एका हबशी मुलाने मागे ठेवलेला सदका-ए-जारिया याच जातीचा होता.