लाफ्काडिओ हर्न

पॅट्रिक लाफ्काडिओ हर्न, जपानी नाव कोइझुमी याकुमो (जन्म : २७ जून १८५०, लेफ्काडा, आयोनियन बेटे, मृत्यू : २६ सप्टेंबर १९०४, टोकियो), हे ग्रीक-आयरिश वंशाचे लेखक, पत्रकार आणि इंग्रजीचे अध्यापक होते. जपानी लोककथा, विशेषतः भुताखेतांच्या कथा, इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचविणारे लेखक म्हणून ते ओळखले जातात. हॅलोविन ज्या आयरिश लोकपरंपरेतून जगभर गेले, त्याच परंपरेतील गोष्टी ऐकत ते लहानाचे मोठे झाले. पुढे सुमारे चौदा वर्षे जपानमध्ये राहून, त्यांतील बहुतांश काळ त्यांनी इंग्रजी शिकविले. भुतांच्या कथांना अडाणीपणा समजण्याची प्रवृत्ती शिक्षित वर्गात वाढत होती, त्या काळात या कथांना साहित्यात मान आहे असे त्यांनी विद्यापीठाच्या वर्गात मांडले.

बालपण

हर्न यांचे वडील चार्ल्स बुश हर्न हे ब्रिटिश सैन्यात शल्यचिकित्सक होते. आई रोझा कासिमाती ही किथिरा बेटावरची ग्रीक स्त्री होती. १८५२ साली मायलेक डब्लिनला आले. परका देश, परकी भाषा आणि सासरची नाराजी यांत आईचे मन रमले नाही. १८५४ साली ती ग्रीसला परतली आणि मुलाला पुन्हा कधी भेटली नाही. वडिलांनी दुसरा विवाह केला व सैन्यासोबत ते भारतात सिकंदराबादला गेले. १८६६ साली परतीच्या प्रवासात सुएझजवळ जहाजावर त्यांचा मृत्यू झाला. मुलाचा सांभाळ वडिलांची मावशी सारा ब्रेनन यांनी केला.

कॉनॉट प्रांतातील एका दाईने या मुलाला पऱ्यांच्या आणि भुतांच्या गोष्टी सांगितल्या. कवी डब्ल्यू. बी. येट्स यांना १९०१ साली टोकियोहून लिहिलेल्या पत्रात हर्न यांनी तिचा उल्लेख केला आहे. आयर्लंडात ३१ ऑक्टोबरची रात्र ही जुन्या केल्टिक 'साविन' सणाची रात्र. उन्हाळा संपून अंधारा अर्धा काळ सुरू होतो, मृतांचे आणि पऱ्यांचे जग माणसांच्या जगाला येऊन भिडते, अशी त्यामागची समजूत. सलगम कोरून केलेले दिवे, वेषांतर करून घरोघर फिरणे, शेकोट्या या प्रथा तिथल्याच. भोपळा आला तो अमेरिकेत.

छोट्या लाफ्काडिओला मात्र भुते खरोखरच दिसत असत. भीती मोडावी म्हणून घरच्यांनी त्याला रात्री दिव्याविना, दाराला कुलूप लावून एकट्याने निजविण्याचा उपाय केला. भीती तर गेली नाहीच, उलट आयुष्यभर पुरली. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्यांनी या रात्रींचे वर्णन केले असून, भुताच्या भीतीच्या मुळाशी भुताचा स्पर्श होईल ही भीती असते, असे निरीक्षण नोंदविले आहे. सोळाव्या वर्षी अपघातात त्यांचा डावा डोळा गेला. उरलेल्या डोळ्याची दृष्टीही अधू असल्याने कागद डोळ्याला चिकटवून वाचावे लागे.

अमेरिका

१८६९ साली ते जवळजवळ निष्कांचन अवस्थेत सिनसिनाटीला पोहोचले. तेथे वार्ताहर म्हणून त्यांनी नाव मिळविले; मात्र अलेथिया फोली या कृष्णवर्णीय स्त्रीशी केलेल्या विवाहामुळे, जो तेथील कायद्याला मान्य नव्हता, त्यांना नोकरी गमवावी लागली. १८७७ ते १८८७ हा काळ न्यू ऑर्लिन्समध्ये आणि त्यानंतरची दोन वर्षे मार्टिनीक बेटावर गेली. न्यू ऑर्लिन्समध्ये हॅलोविनच्या दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, कबरी फुलांनी सजविण्याची प्रथा आहे. तिच्यावरही त्यांनी लिहिले.

मात्सुए येथील शिक्षक

४ एप्रिल १८९० रोजी हर्न योकोहामाला उतरले ते एका अमेरिकन नियतकालिकासाठी लिहिण्याकरिता. प्रकाशकाशी बिनसल्यावर उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला आणि शिमाने प्रांतातील मात्सुए येथील माध्यमिक शाळेत इंग्रजी शिक्षकाची जागा मिळाली. वाटेत, ऑगस्टमधील एका रात्री, एका खेड्यातील मंदिराच्या आवारात त्यांनी बोन सणाचे नृत्य पाहिले. बोन म्हणजे पूर्वज घरी येतात तो काळ. कुटुंबे दिवे लावून त्यांना वाट दाखवितात आणि शेवटी दिव्यांनीच निरोप देतात. या सणाचे नाव परंपरेने संस्कृत 'उल्लंबन' शब्दाशी आणि मौद्गल्यायनाने आपल्या मृत मातेला सोडविल्याच्या बौद्ध कथेशी जोडले जाते. मृत परत येतात तेव्हा आयर्लंडात घराबाहेरच्या अंधाराचे भय वाटते. येथे दार उघडे ठेवले जाते. हा फरक हर्न यांच्या पुढच्या सर्व लेखनात जाणवतो.

मात्सुएतील विद्यार्थी त्यांना आवडले. ते त्यांच्या घरी येत, घराण्यातील जुन्या वस्तू आणि चित्रे दाखवीत. हर्न त्यांना विषय देऊन इंग्रजीत निबंध लिहावयास सांगत आणि त्यांतील उतारे पुढे आपल्या पुस्तकात छापीत. विद्यार्थ्यांचे इंग्रजी त्यांनी हास्यास्पद म्हणून दाखविले नाही, ते विचारासाठी वाचले. योकोगी हा विद्यार्थी आजारी पडून मृत्युपंथाला लागला. त्याला शाळा एकदा पाहावीशी वाटली, तेव्हा घरच्या नोकराने त्याला रात्री पाठीवरून नेऊन ती दाखविली. हा प्रसंग हर्न यांच्या जपानविषयक पहिल्या पुस्तकात, १८९४ साली, आला. ओतानी मासानोबू हा दुसरा विद्यार्थी पुढे टोकियो विद्यापीठात शिकावयास गेला. त्याच्या शिक्षणाचा खर्च हर्न यांनी उचलला. बदल्यात तो त्यांना गाणी, म्हणी आणि लोकसमजुती जमवून देई. शिकविणारा कोण आणि शिकणारा कोण, हे येथे सांगणे कठीण आहे.

१८९१ साली त्यांनी सामुराई घराण्यातील कोइझुमी सेत्सु यांच्याशी संसार थाटला आणि त्याच वर्षी ते कुमामोतो येथील उच्च माध्यमिक शाळेत गेले. जुदोचे जनक कानो जिगोरो हे तेथील मुख्याध्यापक होते. येथील मुले वयाने मोठी व अबोल होती. हर्न यांनी त्यांना पतीसाठी प्राण देणाऱ्या आणि मृत्यूच्या हातून परत आणल्या जाणाऱ्या अल्केस्टिसची ग्रीक कथा सांगितली. चर्चा रंगली ती तिच्या पुनरागमनावर नव्हे, तर तिच्या पतीच्या वागण्यावर आणि आईवडिलांविषयीच्या कर्तव्यावर. युरोपची गोष्ट जपानी वर्गात वेगळ्याच बाजूने वाचली गेली आणि हर्न यांनी ती तशीच नोंदवून ठेवली.

टोकियो विद्यापीठ

कोबे येथील पत्रकारितेनंतर, १८९६ साली, ते टोकियोच्या शाही विद्यापीठात इंग्रजी साहित्याचे अध्यापक झाले. त्याच दशकात तत्त्वज्ञ इनोउए एन्र्यो हे भुताखेतांच्या समजुतींची शास्त्रीय चिकित्सा करून अंधश्रद्धा दूर करण्याची मोहीम चालवीत होते. पाश्चात्त्य शास्त्र शिकण्यासाठी आलेल्या विद्यार्थ्यांसमोर पश्चिमेकडूनच आलेल्या या शिक्षकाने उलट बाजू मांडली. भुतांवर विश्वास असो वा नसो, साहित्यातील अद्भुताला मोल आहे आणि त्याचे मूळ स्वप्नांच्या अनुभवात आहे, असे त्यांनी एका व्याख्यानात सांगितले. ते सावकाश बोलत आणि विद्यार्थी शब्दन् शब्द उतरवून घेत. या वह्यांवरूनच त्यांच्या मृत्यूनंतर व्याख्यानांचे ग्रंथ छापले गेले. १९०३ साली विद्यापीठाने त्यांना कमी केले, तेव्हा विद्यार्थ्यांनी निषेध केला. त्यांच्या जागी आलेल्यांत कादंबरीकार नात्सुमे सोसेकी होते.

'क्वाइदान' आणि मृत्यू

हर्न यांना जपानी ग्रंथ वाचता येत नसत. सेत्सु जुनी पुस्तके धुंडाळून त्यांतील कथा रात्री, दिवा मंद करून, सांगत. पुस्तकातून वाचू नये, स्वतःच्या शब्दांत सांगावे, असा हर्न यांचा आग्रह असे. कॉनॉटच्या दाईनंतर त्यांना लाभलेली ही दुसरी कथेकरीण. आजच्या मुखपृष्ठांवर तिचे नाव सहसा नसते, हे अन्यायाचे आहे. यातून १९०४ साली 'क्वाइदान' हा संग्रह सिद्ध झाला. कान हरवलेला होइची, हिमस्त्री, बिनचेहऱ्याचे भूत यांच्या कथांबरोबरच बालपणी पऱ्यांची वर्तुळे शोधत हिंडल्याची एक आठवणही त्यांनी त्यात ठेवली आहे. त्याच वर्षी वासेदा येथे शिकवीत असताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी टोकियोतील झोशिगाया स्मशानभूमीत आहे.

प्रभाव

जपानमध्ये आज दिसणारे हॅलोविन हर्न यांच्या काळानंतरचे आहे. ते मोठ्या प्रमाणावर लोकप्रिय होण्यात टोकियो डिस्नेलँडने १९९७ साली सुरू केलेल्या हॅलोविन कार्यक्रमाचा वाटा आहे. त्यामुळे हर्न यांना या सणाचे प्रवर्तक म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. त्यांच्या कथा मात्र भाषांतरित होऊन जपानी वाचकांकडे परत गेल्या. कोबायाशी मासाकी यांच्या 'क्वाइदान' या चित्रपटाला १९६५ साली कान महोत्सवात विशेष परीक्षक पुरस्कार मिळाला. मात्सुएतील त्यांचे घर जतन केलेले असून शेजारी स्मारक संग्रहालय आहे. आयर्लंडातील ट्रामोर या गावी, जेथे त्यांनी बालपणी उन्हाळे घालविले, त्यांच्या नावाचे जपानी उद्यान २०१५ साली खुले झाले.