समाजी हसाजी दिवेकर

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी काकांबरोबर मुंबईला गेलो होतो. लोकलमधून जाताना मशीद हे स्थानक आले. जवळ मुसलमानांची एखादी मोठी मशीद असेल, असे मी धरून चाललो. काका हसले. जिच्यावरून हे नाव पडले असे सांगतात ती मशीद ज्यूंची आहे आणि ती बांधणाऱ्याचे आडनाव दिवेकर, असे त्यांनी सांगितले. मला ती थट्टाच वाटली. बेळगावला परतल्यावर वाचनालयात बसून या दिवेकरांची माहिती जमवली. तीच वाचकांपुढे ठेवतो.

कोकणात अलिबागजवळ नवगाव आहे. फार पूर्वी तेथे एक गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरागत समजूत आहे. त्यांचे वंशज गावोगाव पांगले व तेलाचे घाणे चालवू लागले. दिवे गावचे ते दिवेकर, किहीमचे ते किहीमकर. हिब्रू भाषा विसरली, मराठी हीच मायबोली झाली. पण शनिवारी घाणा जुंपायचा नाही, हा नेम मात्र सुटला नाही. म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणू लागले.

अठराव्या शतकात ही मंडळी मुंबई बंदरात येऊ लागली. कोणी सुतारकाम धरले, कोणी कंपनी सरकारच्या पलटणीत शिरले. समाजी हसाजी दिवेकर पलटणीतच मोठ्या हुद्द्याला चढले. इंग्रजी कागदांत त्यांचे नाव सॅम्युअल इझिकेल असे आढळते.

इंग्रज आणि म्हैसूर यांच्यातील दुसरे युद्ध १७८० ते १७८४ या काळात झाले. त्यात समाजी व त्यांचे बंधू इसाजी टिपू सुलतानाच्या हाती सापडले. पुढची हकीकत त्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कैद्यांना जात विचारण्यात आली, तेव्हा या भावांनी आपण बेने इस्रायल असल्याचे सांगितले. हे नाव टिपूच्या मातेच्या कानी गेले. कुराणात बनी इस्रायलचा उल्लेख तिला ठाऊक होता, पण ते लोक डोळ्यांनी कधी पाहिले नव्हते. तिने रदबदली केली आणि त्यांचे प्राण वाचले. सुटलो तर देवाचे घर बांधीन, असा समाजींनी नवस केला होता, असेही सांगतात.

नवस त्यांनी फेडला. १७९६ साली मुंबईत मांडवी भागात त्यांनी प्रार्थनामंदिर उभारले. ते मुंबईतले ज्यूंचे पहिले प्रार्थनामंदिर. त्याचे नाव शार हारहमीम, म्हणजे दयेचे द्वार. रणांगणावर वाढलेल्या या माणसाच्या मंदिराच्या नावात विजय नाही, दया आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

मंदिराला धर्मग्रंथाची गुंडाळी हवी. ती आणण्यासाठी समाजी कोचीनला गेले. तेथे ज्यूंची जुनी वस्ती होती. १७९७ साली तेथेच त्यांचे देहावसान झाले. स्वतः बांधलेल्या मंदिरात त्यांना जेमतेम वर्षभर प्रार्थना करता आली असेल. पुढे १८६० साली मंदिर सध्याच्या जागी आले. लोक त्याला जुनी मशीद म्हणतात, आणि त्या रस्त्याला सॅम्युअल स्ट्रीट हे समाजींचेच नाव आहे.

१९४८ साली इस्रायल राष्ट्र झाल्यावर या समाजातील बहुसंख्य लोक तिकडे गेले. तेथेही त्यांना पुन्हा तोच प्रश्न आला, तुम्ही कोण? तेथील काही धर्मगुरूंनी त्यांच्या ज्यूपणाबद्दल शंका काढली. आंदोलने झाली, आणि १९६४ साली सरकारने ते पूर्णपणे ज्यू असल्याचे जाहीर केले. ज्या नावाने कैदेत प्राण वाचवले, तेच नाव आपल्या माणसांत सिद्ध करावे लागले!

हे सर्व वाचताना मला आमचे घर आठवत होते. आम्ही खासबागचे विणकर. आजोबा होते तोवर अमावास्येला माग बंद असे. का, असे विचारले तर त्यांना कारण सांगता येत नसे, पण धोट्याला हात लावू देत नसत. आता घरात यंत्रमाग आहे. त्याला अमावास्या ठाऊक नाही. अडाणी रूढी मोडली, असे मीच मोठ्या तोऱ्याने घरी म्हणालो होतो. आज तसे म्हणवत नाही. कोकणातल्या त्या तेल्यांनाही आपल्या नेमामागचा सारा ग्रंथ पाठ नव्हता. त्यांनी फक्त एक दिवस सांभाळला, आणि आपण कोण याचे उत्तर त्या दिवसाने त्यांच्यासाठी जपून ठेवले.

येत्या अमावास्येला माग थांबवू या का, असे वडिलांना विचारणार आहे. एका दिवसाची मजुरी बुडेल, हे मला कळते. तरीही विचारणार आहे.