पिसांची कारागीर मेगन बॉइड

सामन मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी नदीत परततो. नदीत शिरल्यावर तो सहसा काही खात नाही. तरीही गळावर बांधलेल्या रंगीत पिसांच्या खोट्या माशीवर झडप घालतो. अशा माश्या बांधण्याची स्कॉटलंडात जुनी कला आहे. स्पे नदीच्या माश्यांना लांब, पाण्यात हलणारी पिसे असतात. या कलेत नाव मिळविलेल्या मेगन बॉइड यांची ओळख आज आम्ही करून देतो.

त्यांचा जन्म १९१५ साली इंग्लंडात झाला. वडील नदीचे राखणदार म्हणून स्कॉटलंडात आले, तेव्हा त्या तीन वर्षांच्या होत्या. बॉब ट्रसलर या राखणदाराने त्यांना शिकविले. त्यांची रीत अशी : जुनी माशी उसवायची आणि तेच सामान लहान गळावर पुन्हा बांधायचे.

पुढे ब्रोरा गावाजवळ, समुद्राकाठच्या झोपडीत त्या एकट्या राहिल्या. तेथे वीज आली ती १९८५ साली. दिव्याच्या उजेडात, खिडकीपाशी, रोज काम चाले. दाम मात्र त्यांनी कमीच ठेवले. १९७१ साली सरकारी पदक मिळाले, पण कुत्र्याला सांभाळायला कोणी नाही म्हणून त्या लंडनला गेल्या नाहीत. पुढे त्यांचे गिऱ्हाईक असलेले तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी ते स्वतः त्यांना दिले.

आश्चर्य हे, की मासे मारणे त्यांना आवडत नसे. त्यांनी स्वतः कधी गळ टाकला नाही. अखेर डोळे थकले आणि काम थांबले. २००१ साली त्या वारल्या. हातांनी कीर्ती दिली, तिची किंमत डोळ्यांनी मोजली. आपल्या मुलांनी यातून चिकाटी शिकावी आणि अंधारात काम करणाऱ्या हातांची कदरही.